नव्याचा सण, दूरच्या देशात

माझी थोरली लेक परराष्ट्र खात्यात अधिकारी आहे. आमच्या तामलवाडीत बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की ती विमानतळावर नोकरीला आहे. मी दुरुस्त करत बसत नाही, कारण ती नेमकं काय काम करते हे मलाही परवापरवापर्यंत नीट माहीत नव्हतं. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा शेती बघतो, आणि घरात सासूबाई आहेत. लेक लहान असताना भाकरी थापता थापता आम्ही तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचो, ती पुढं राजदूतांच्या हाताखाली काम करील हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिची नेमणूक ज्या देशात होती त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिनंच तशी अट घातली आहे, आणि ती बरोबर आहे. ज्यांची ही हकिगत आहे ती माणसं तिथंच राहतात.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, आपल्या दूतावासात एक म्हाताऱ्या बाई येतात, त्यांच्याशी तू बोलशील का? मी विचारलं, कोणत्या भाषेत? तर म्हणाली, मराठीत. त्या बाई ज्यू होत्या. मूळच्या कोकणातल्या, अलिबागकडच्या एका खेड्यातल्या. तरुणपणी मुंबईत एका परदेशी ज्यू व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि त्याच्याबरोबर त्या देशात गेल्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नागरिकत्व मात्र त्यांनी आपलंच ठेवलं होतं, म्हणून अधूनमधून दूतावासात यावं लागायचं. अशाच एका दिवशी खिडकीपलीकडं माझी लेक बसलेली. ती फोनवर माझ्याशी बोलत होती ते ऐकून त्या बाई तिथंच उभ्या राहिल्या, आणि लेकीनं फोन ठेवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की आणखी थोडं बोलशील का. नवरा मुंबईत राहून मराठी शिकला होता, त्याच्या पश्चात त्यांच्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

मला धक्काच बसला. मी इतकी वर्षं मुलांना शिकवते. ज्यू हा शब्द माझ्यासाठी जगाच्या इतिहासातला, वर्तमानपत्रातला. कुणी ज्यू बाई मराठीत लहानाची मोठी झाली असेल, मराठीत ओव्या म्हणत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पहिल्यांदा बोलले तेव्हा पलीकडून बारीक पण स्वच्छ आवाज आला, "काय गो बाय, जेवलीस काय?"

त्यानंतर आमचं आठवड्यातून एकदोनदा बोलणं व्हायला लागलं. मी त्यांना आजी म्हणायची. त्यांनी सांगितलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या पूर्वजांची गलबतं कोकणच्या किनाऱ्यावर फुटली, वाचलेली माणसं तिथल्या गावांत राहिली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. हळूहळू भाषा गेली, ग्रंथ तर समुद्रातच गेले होते. उरली फक्त प्रार्थनेची एक ओळ आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची रीत. म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. एवढ्याशा गोष्टीच्या आधारानं ते शेकडो वर्षं ज्यू राहिले, आणि त्या अवधीत एकाही गावानं त्यांना शनिवारी घाणा चालवायला लावला नाही. हे सांगताना आजींचा आवाज मोठा व्हायचा. मी ऐकत राहायची. शनिवारची शाळा सकाळची असते, तेवढ्यापुरता शनिवार मला माहीत होता.

सासूबाई आधी लांबूनच ऐकायच्या. एकदा त्यांनी फोन मागून घेतला आणि थेट विचारलं, तिकडं तेल कशाचं खाता? मग दोघींचं करडई, खोबरेल आणि तिळावर जे सुरू झालं ते थांबेना. सासूबाईंचं बोलणं आजींना कळायला जड जायचं, आजींचं कोकणी वळण सासूबाईंना. तरी मध्ये मी लागत नव्हते.

पण आजी शुक्रवारी संध्याकाळी कधी फोन घ्यायच्या नाहीत. एकदा मी कारण विचारलं तेव्हा त्या आवाज खाली आणून म्हणाल्या की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावते, मग शनिवार उलटेपर्यंत फोनला हात लावत नाही. दिव्याच्या आधी खिडकीचा जाड पडदा ओढून घेते.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "देवापुढं दिवा लावायला पडदा कशापायी?" त्या म्हणाल्या.

 आजींनी मग जे सांगितलं ते सावकाश, शब्द निवडत सांगितलं. त्या शहरात एके काळी पुष्कळ ज्यू होते. वारं फिरलं तसे बहुतेक निघून गेले. राहिले ते म्हातारे, आणि काही असे की ज्यांनी आपण कोण हे सांगणंच सोडून दिलं. तुमचा धर्म पाळू नका असं सरकारनं कधी म्हटलं नाही. फक्त त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं आणि दाराला कुलूप घातलं. दुरुस्ती कधी सुरू झाली नाही. विचारायला गेलं की पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. आजी रोज भाजी आणायला त्या दारावरून जायच्या. थांबायच्या मात्र नाहीत, कारण थांबलेलं दिसायला नको होतं.

 आमच्या घरासमोरून सोलापूर-तुळजापूर रस्ता जातो. बारा महिने कुणी ना कुणी आईचं नाव घेत, हलगी वाजवत, कपाळभर हळद-कुंकू लावून त्या रस्त्यानं चाललेलं असतं. मला त्याचा कधी कधी त्रासही व्हायचा, वह्या तपासायला बसलं की. आजींशी हे बोलणं झालं त्या संध्याकाळी मी वह्या बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहिले.

लेकीनं आजींची गोष्ट राजदूतांच्या कानावर घातली होती. त्यांनी आजींना भेटायला बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला भारतात परत यायचं आहे का, आम्ही सगळी व्यवस्था करू. आजी नाही म्हणाल्या. नवऱ्याची कबर इथं आहे, म्हणाल्या. त्यांनी एकच मागणं मागितलं. त्यांचं नवं वर्ष, ज्याला त्यांच्या कोकणात नव्याचा सण म्हणायचे, त्या दिवशी सकाळी एकदा ते दार उघडावं, आत प्रार्थना व्हावी आणि मेंढ्याचं शिंग फुंकलं जावं. शिंग फुंकल्याशिवाय त्यांचं वर्ष लागत नाही.

सासूबाईंचं माहेर मेंढरं राखणारं. शिंगाचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्या धाडते की. भावाकडं एडक्याची लई शिंगं हायेत." आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. शिंग होतं म्हणे त्यांच्याकडं, नवऱ्याचं, कापडात गुंडाळून ठेवलेलं. फुंकायला जागा नव्हती.

पुढचे तीन-चार महिने लेक फोनवर जे सांगायची त्यातून मला तिचं काम पहिल्यांदा कळलं. मला वाटलं होतं, एक कडक पत्र लिहिलं की झालं; आपला एवढा मोठा देश. ती म्हणाली, आई, पत्र लिहिलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर नाही असंच येईल. मग ते नाही कायमचं होऊन बसेल. राजदूतांनी तिला सांगितलं होतं की समोरच्याला नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. म्हणून त्यांनी आधी शहरातल्या जुन्या इमारतींबद्दल कौतुकानं बोलायला सुरुवात केली. मग चहाच्या वेळी सहज चौकशी, की त्या अमक्या रस्त्यावरच्या प्रार्थनाघराचं छप्पर पावसात टिकतंय का. मग आमच्या एका वृद्ध नागरिक बाईंना ते एकदा आतून बघायची इच्छा आहे. मागणी अशी कुठंच नव्हती.

मला हे ओळखीचं वाटलं. रुसून माहेरी गेलेली सून परत आणायची असली की आमच्याकडचे जाणते लोक त्या गावी जातात, आणि दुपारपर्यंत पाऊसपाणी, विहिरीचं पाणी, बैलाचा खूर, यावरच बोलतात. सुनेचा विषय जेवणानंतर निघतो, तोही यजमानच काढतो. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगदी हेच, फक्त इथं जेवण चार महिने चालतं.

श्रावण संपता संपता होकार आला. पण अटींसकट. एकच सकाळ. फोटो नाही, बातमी नाही. जे आत जातील त्यांची नावं आधी कळवायची. एक सरकारी अधिकारी पूर्ण वेळ हजर राहील. आणि दार आतून बंद ठेवायचं, शिंगाचा आवाज रस्त्यावर जाता कामा नये.

शेवटच्या अटीवर लेक अडखळली होती. आजींना कसं सांगावं? पण आजी म्हणाल्या, आमच्या उपासाच्या मोठ्या सणाला कोकणात दरफाळणीचा सणच म्हणायचे, दारं लावून घरात बसायचा सण. बंद दाराचं आम्हाला काय? उघडू तर दे आधी.

मग दुसरी अडचण. त्यांच्या मुख्य प्रार्थनांना निदान दहा पुरुष लागतात. नाव द्यायला तयार असलेले स्थानिक ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही काठी टेकत चालणारे. लेक इतर देशांच्या दूतावासांत गेली. तिथं कोण ज्यू आहे हे सरळ विचारता येत नाही, तेही असंच आडून. काहींनी नकार दिला, एकाला आपल्या राजधानीतून परवानगी मिळाली नाही. तरी माणसं जमत गेली. त्यातल्या दोघांचे देश एकमेकांशी बोलत नव्हते. ती दोन माणसं एका बाकावर बसायला तयार झाली. शेवटी दहाचा मेळ बसला.

त्या वर्षी आमच्याकडं घट बसले त्याच संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष लागलं. आजींनी हे आधीच सांगून ठेवलं होतं की आमची नि तुमची अवस एकच, बहुतेक वर्षी सण जवळजवळच येतात. सासूबाईंनी घटाच्या मातीत धान्य पेरताना एक मूठ जास्तीची टाकली. विचारलं तर म्हणाल्या, असू दे.

दुसऱ्या दिवशी ती सकाळ होती. त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. फोन येणार नव्हता हे ठाऊक होतं, लेकीला फोन आत नेता येणार नव्हता आणि आजी सणाला फोनला शिवतच नाहीत. तरी मी घरीच थांबले. नवरा सोयाबीनच्या राशीकडं गेला नाही, ओसरीवर बसून राहिला. रस्त्यावरून पायी जाणाऱ्यांचा एकेक मेळा उदो उदो करत जात होता. सासूबाई मधूनमधून विचारायच्या, उघडलं असंल का गं आता? मी म्हणायची, असंल.

दिवेलागणीनंतर लेकीचा फोन आला. तिला नीट बोलता येईना. आधी मला भीतीच वाटली. मग तिनं सांगायला सुरुवात केली.

आजी घरून चालत निघाल्या, सणाला गाडीत बसायचं नसतं. पांढरं लुगडं नेसल्या होत्या, त्या शहरात बहुधा दुसऱ्या कुणाच्या अंगावर नसेल असं. लेक त्यांचा हात धरून बरोबर. परदेशी अधिकाऱ्यांनीही आपापल्या गाड्या लांब सोडल्या आणि चालत आले. सरकारी अधिकाऱ्यानं कुलूप काढलं. पण दार हलेना. इतक्या वर्षांच्या पावसानं लाकूड फुगलं होतं. मग दोन राजनैतिक अधिकारी, एक पहारेकरी आणि तो सरकारी माणूस, सगळ्यांनी मिळून खांदा लावला. दार करकरत उघडलं, आणि उघडल्यावर तिथंच रुतलं. परत लावायला गेले तर इंचभर सरकेना. पुन्हा खांदे लावले, काही उपयोग नाही. सगळे त्या सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागले, कारण अट दार बंद ठेवायची होती. त्यानं दाराकडं पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसला.

आत धूळ होती, कबुतरं होती. बायकांची बसायची जागा वरच्या सज्जात, पण जिना खचलेला, म्हणून आजी आणि लेक खाली एका खांबाआड बसल्या. पुरुष मोजले तर नऊ निघाले. एका स्थानिक म्हाताऱ्याला पहाटेच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. नऊ जणांत काही प्रार्थना म्हणता येतात, काही नाही. थोडा वेळ वाट पाहिली. येणारं दुसरं कुणी नव्हतंच. तेव्हा त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा म्हणाला, दहा लागतात ते राहू द्या, शिंग तरी फुंकू. त्याला दहा लागत नाहीत.

त्या वडीलधाऱ्यानंच आजींच्या नवऱ्याचं शिंग तोंडाला लावलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज लागला आणि वाढत गेला, आणि लेक म्हणाली, आई, तो वाद्याचा आवाज नव्हता, एखाद्या जिवंत प्राण्यानं हाक मारावी तसा होता. उघड्या दारातून तो थेट रस्त्यावर गेला. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यासारखी झाली. आजींनी डोळे मिटून घेतले होते, लेकीच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

फुंकणं चालू असतानाच उंबऱ्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, हातात भाजीची पिशवी. त्याच रस्त्यावर त्याचं दुकान होतं. आजी गेली कित्येक वर्षं त्याच्याकडून साबण, काड्यापेट्या घेत होत्या, आणि तो कोण हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. त्यानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. ती तीच ओळ होती, कोकणात घाण्यावर जपून ठेवलेली, त्यांच्या प्रार्थनेतली पहिली ओळ. बस, तेवढंच. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या खिशातली प्रार्थनेची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. नाव कुणी विचारलं नाही. दहा झाले.

त्याचं नाव यादीत नव्हतं. लेकीनं भीतभीत मागच्या बाकाकडं पाहिलं. तो सरकारी अधिकारी वर छताकडं, कबुतरांकडं बघत होता. प्रार्थना संपेपर्यंत त्यानं मान खाली केली नाही, असं ती म्हणाली. फक्त एकदा केली. त्यांच्यात अशी एक प्रार्थना असते, आपण ज्या देशात राहतो त्या देशाच्या राज्यकर्त्याला देवानं सुखी ठेवावं, शहाणपण द्यावं अशी. ती म्हणताना त्या अनोळखी भाषेत मध्येच त्याच्या देशाच्या प्रमुखाचं नाव आलं. तो दचकला. ज्यांनी कुलूप घातलं त्यांच्यासाठी ही दहा माणसं उभी राहून मागत होती. तो हळूच उठून उभा राहिला, आणि ती प्रार्थना होईपर्यंत उभाच होता.

मी हे सासूबाईंना सांगत होते तेव्हा नवरा उठून परसात निघून गेला. त्याला डोळे पुसायला अशीच जागा लागते. सासूबाईंनी हात जोडले, कुणाला ते मी विचारलं नाही. मला एवढंच वाटत होतं की जगात आपल्याला न दिसणारी केवढी माणसं केवढं सांभाळून बसलेली असतात, आणि त्यांच्यासाठी एक सबंध सरकार दुसऱ्या सरकारशी चार महिने छपरांबद्दल बोलतं. माझी मुलगी त्यातली एक होती. तिला मी कडेवर घेऊन ह्याच अंगणात फिरवलं होतं.

सण झाल्यावर आजींचा फोन आला. त्या त्या दिवसाबद्दल फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, मला वाटलं होतं एवढं झालं की मी सुखानं मरीन. आता वाटतंय पुढच्या शनवारी पण जावं."

आणि शनवारी खरंच गेल्या. दार लागतच नव्हतं, तेव्हा आधी पहारेकरी बसवला, मग सुतार आला, आणि सुतार आल्यावर इतकी वर्षं अडलेली दुरुस्ती खरोखरच सुरू झाली. पुन्हा कुलूप घाला असा हुकूम कुणी काढला नाही. उघडा असाही नाही. लेक म्हणते, त्यांच्या धंद्यात याला मोठं यश म्हणतात.

लेकीची बदली झाली तेव्हा ती दिवाळीला घरी आली होती. पारावरच्या लोकांनी विचारलं, तिकडं काय काम असतं ताई? तिनं सांगितलं, पासपोर्टचं. मी तेही दुरुस्त केलं नाही.

आजी त्यानंतरच्या थंडीत गेल्या. दूतावासातून लेकीला कळवलं आणि लेकीनं मला. त्यांना नवऱ्याशेजारी जागा मिळाली. प्रार्थनेला दहापेक्षा जास्त माणसं होती, आणि त्यांना कुणी आडून विचारून जमवलं नव्हतं. काही चेहरे त्या गल्लीत रोज दिसणारेच होते, पण तिथं उभे राहिलेले पहिल्यांदाच.

मी घरात येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, न्हाणीत गेल्या आणि भर थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारीण दारात आली होती. ओले केस बघून तिनं विचारलं, कुणाचं कळालं?

"बहिणीचं," सासूबाई म्हणाल्या, आणि केस पुसत उन्हात जाऊन बसल्या.